ओट्यावरचं शून्य

आमच्या खात्यात किस्से कोणी मुद्दाम करत नाही. आठ दिवस झाकण उघडं राहिलं की ते आपोआप होतात! सकाळी एक ऐकावा, दुपारी दुसरा घडावा, आणि संध्याकाळी टपरीवर कोणीतरी तिसरा सांगत असतो, तो नेमका आपल्याच नावावर! पूर्वी मी हे सगळे हसत हसत सांगायचो. आताही सांगतो. पण शेवटचा सांगताना हसू येत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

मी आरोग्य सेवक. हिवताप, डेंग्यू, चिकनगुनिया, थोडक्यात डास. लोक मला डासवालाच म्हणतात. एकदा एका लग्नपत्रिकेच्या पाकिटावर 'श्री. रवीभाऊ डासवाले' असं लिहून आलं, आणि पत्रिका बरोबर माझ्याच घरी पोचली! धुळे-जळगाव रस्त्यावरचं आमचं तालुक्याचं गाव. नाव सांगत नाही, नोकरीची अजून अकरा वर्षं बाकी आहेत.

ऑफिसात आम्ही तिघं. एक साहेब, त्यांच्याकडे तीन तालुक्यांचा चार्ज, त्यामुळे जळगावहून जमेल तेव्हा येतात. एक मी. आणि एक हिलाल नाना. नाना म्हणजे कीटक समाहारक, डास पकडायचे, ओळखायचे, मोजायचे हे त्यांचं काम. बाकी खुर्च्या रिकाम्या आहेत, त्यांच्यावर फायली बसतात.

*

नानांचं हत्यार म्हणजे एक काचेची नळी, तिला मागे जोडलेली रबरी नळी. टॉर्च मारायचा, भिंतीवर डास दिसला की काच त्याच्यावर ठेवायची आणि रबराच्या टोकाने हलकेच श्वास ओढायचा. डास काचेत. मध्ये जाळी असते, पोटात जात नाही!

हे काम पहाटे, गोठ्यात. एका खेड्यात नाना असेच एका गोठ्याच्या भिंतीला नळी लावून उभे होते. घरात नवी सून आलेली, ती शेण काढायला आली. तिने हे दृश्य पाहिलं आणि पाटी टाकून घरात पळाली.

"आबा, उठा! कोनी तरी आपली भिंत पी राहिना!"

आबा काठी घेऊन आले. नाना शांतपणे म्हणाले, "भिंत नाही आबा, डास." आबांनी काठी खाली ठेवली, नानांकडे पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि सुनेला म्हणाले, "याले च्या कर. सरकारनी लई वाईट हालत करेल शे याची."

*

साहेबांनी एकदा महिलांची सभा घेतली. विषय, आठवड्यातून एक कोरडा दिवस. डासाच्या अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. त्याच्या आत घरातलं प्रत्येक भांडं रिकामं करा, घासा, उन्हात पालथं घाला, की डास जन्मालाच येणार नाही! साहेब बोलतात छान. चार्ट होता, पॉइंटर होता.

आमच्या गावात नळाला पाणी येतं बारा दिवसांनी.

बायका चार्टाकडे बघत बसल्या. शेवटी मागून एक म्हातारी उठली.

"साहेब, आठ दिनमा रिकामं करवानं, बारा दिनमा भरवानं. मंग मधला चार दिन काय पेवानं? डास?"

साहेबांनी पॉइंटर मिटला. प्रोसिडिंगमध्ये मात्र लिहिलं गेलं, 'महिलांनी उत्स्फूर्त चर्चेत भाग घेतला'. मीच लिहिलं. काय करणार? पाणीवाले पाणी बारा दिवसांनी सोडणार, आम्ही आठ दिवसांनी ओतायला सांगणार. डासाने जर कधी कॅलेंडर छापलं तर ते आमच्या नगरपालिकेसारखंच असेल.

*

गप्पी माशांचं सांगतो. मासे अळ्या खातात, म्हणून आम्ही घरोघरी हौदात सोडतो. एका घरी आजोबा माळकरी. त्यांनी मला दारातच अडवलं.

"आमच्या प्यायच्या पाण्यात मासे?"

"आजोबा, खायचे नाहीत हो! नुसते राहतील."

"आणि ते काय खातील?"

"अळ्या."

आजोबांनी दोन्ही कानांना हात लावला. "म्हणजे आमच्या घरात रोज हिंसा! आणि तीही पाण्यात, दिसणारसुद्धा नाही!"

मी मासे घेऊन परत आलो. महिन्याने आजोबांना चिकनगुनिया झाला. गुडघे धरून ओट्यावर बसलेले दिसले. मला बघून म्हणाले, "ते अजून आहेत का रे?" मी म्हटलं, "मासे ना? ते मेले आजोबा. बादलीत ठेवले होते, पाणी बदलायला पाणी नव्हतं."

*

आता पिंपळ गल्ली. बेचाळीस घरं, पंधरा दिवसांनी फेरी. प्रत्येक घरात शिरायचं, ड्रम, रांजण, टाकी, कूलर, सगळं टॉर्च मारून बघायचं. बाहेर आलं की दाराशेजारी भिंतीवर निळ्या पेन्सिलीने तारीख, भांडी किती तपासली, त्यांत अळ्यांची किती, म्हणजे आमच्या भाषेत दूषित किती, आणि सही. दरवर्षी श्रावणात कानबाई देवी बसायच्या आधी घराघराला चुना लागतो आणि आमची वर्षभराची अक्षरं पुसली जातात. शिरपूरकडच्या एका गावात तर आम्ही आठ दिवस खपून भिंतींवर औषध फवारलं, आणि कानबाईच्या आदल्या शुक्रवारी सगळ्या गावाने त्याच्यावर चुना दिला! मी डोक्याला हात लावला. नाना म्हणाले, "देवीला का डासाच्या औषधाच्या वासात बसवतील ते? आपण तारीख बघून फवारायला पाहिजे होतं." चूक आपली, असं म्हणणारा खात्यात तो एकच माणूस.

तर पिंपळ गल्लीत, उजव्या हाताला, शेवटून तिसरं घर लताअक्काचं. एवढी स्वच्छ बाई मी पाहिली नाही. तिची मुलगी ऋतुजा, सातवीत. तिला नानांच्या नळीतले डास बघायचा नाद. नाना गल्लीत आले की दप्तर टाकून धावायची.

"नाना, हा वाकडा बसला, म्हणजे मलेरियाचा ना? आणि ह्याच्या पायावर पांढरे पट्टे, डेंग्यूचा!"

एकदाही चुकायची नाही. नाना साहेबांना म्हणाले होते, "माझ्या जागी कोणाला पाठवणार नसाल तर दहा वर्षं थांबा. ही येते!"

*

त्याच गल्लीत बाहेरून एक संशोधक टीम आली. डास नेमके किती, कुठे अंडी घालतात, यावर त्यांचा अभ्यास. त्यांनी घरोघर एकेक काळा डबा ठेवला. आत थोडं पाणी आणि खरखरीत कागदाची पट्टी. डास पट्टीवर अंडी घालणार, हे आठवड्याने पट्टी नेऊन मोजणार. फार हुशार मुलं होती, टॅबलेटवर नकाशा, नकाशात प्रत्येक डबा.

सहा आठवडे झाले. एक अंडं नाही! मुलं खूश. गावातला दवाखाना तापाने भरलेला, आणि ह्यांच्या डब्यात शून्य. नानांना काही पटेना. ते लताअक्काकडे गेले आणि डब्याचं विचारलं.

"तुम्हीच तं सांगं ना नाना, घरमा पानी साचू देवानं नही! मी रोज डबानं पानी फेकस, डबा घासस, नवं पानी भरस. पट्टी बी धोईसन ठेवस. बठ्ठी गल्लीले, सगळासले मीच सांगं!"

नाना तसेच टीमकडे गेले. टीमच्या मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "सर, पण डेटा तर वर गेलाय."

पुढे जळगावला एका हॉलमध्ये त्यांचं प्रेझेंटेशन झालं. आम्हालाही बोलावलं होतं. पडद्यावर आमच्या पिंपळ गल्लीचा नकाशा, सगळा हिरवागार, आणि खाली वाक्य, 'डासांची घनता नगण्य'. टाळ्या पडल्या. नाना माझ्या शेजारी बसून आपल्या मनगटावर बसलेला डास बघत होते. पायावर पांढरे पट्टे होते त्याच्या.

*

आणि मग मंत्री येणार म्हणून आलेला तो दिवस.

भाद्रपद लागला होता. सकाळीच साहेबांचा फोन, सगळा स्टाफ रेस्ट हाऊसवर, धुराची मशिनं घेऊन, एक डास दिसता कामा नये! सगळा स्टाफ म्हणजे मी आणि नाना. पण त्याच दिवशी पिंपळ गल्लीची फेरी होती, आणि तिचा रिपोर्ट संध्याकाळी वर जायचा होता. साहेब म्हणाले, "दोन्ही करा." गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी, ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून बसलेला.

आता खरं सांगतो. घरात न शिरता, ओट्यावरूनच भिंतीवर 'दूषित शून्य' लिहून पुढे जायचं, ह्याला आम्ही ओट्यावरचं शून्य म्हणतो. मी आयुष्यात शेकडो लिहिली असतील. नानांनी एकही नाही. तेहतीस वर्षांत एकही नाही! ते वाकून मोरीच्या मागे बघणारा माणूस. त्या दिवशी मीच म्हटलं, "नाना, एक दिवस. काही होत नाही." डावी बाजू मी घेतली, उजवी त्यांनी. बेचाळीस घरं अर्ध्या तासात झाली.

लताअक्का ओट्यावर तांदूळ निवडत होती. मला समोरून ऐकू आलं.

"नाना, आज मझार नही येतस का?"

"घाई आहे अक्का. तुझ्याकडे आत येऊन काय बघायचं!"

ती हसली. नानांनी लिहिलं, भांडी नऊ, दूषित शून्य, सही केली.

रेस्ट हाऊसवर आम्ही इतका धूर केला की खानसामा खोकत बाहेर आला. मंत्री आलेच नाहीत, दौरा परस्पर धुळ्याकडे वळला. साहेब तरी समाधानाने म्हणाले, "बघा नाना, डास गेले!"

"हो साहेब," नाना म्हणाले, "पिंपळ गल्लीत."

आम्ही सगळे हसलो. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

*

बाराव्या दिवशी ऋतुजाला ताप आला. दोन दिवस गावात, मग जळगावला. पाचव्या दिवशी गेली.

नाना त्याच दिवशी त्या घराच्या मागच्या अंगणात गेले. कोपऱ्यात उन्हाळ्यात वापरलेला कूलर जुन्या चादरीने झाकून ठेवला होता. खान्देशात असा कूलर घराघरात असतो, आणि पावसाळ्यात नानांचा हात सगळ्यात आधी त्याच्याकडेच जायचा. त्यांनी चादर काढली. तळाशी दोन बोटं पाणी होतं, आणि पाणी हलत होतं. अळ्या. नाना तिथेच खाली बसले. मला त्यांना उठवायला दोघांची मदत घ्यावी लागली.

पुढचं ऐका. रिपोर्टात तिचं नाव डेंग्यूत आलं नाही. जी तपासणी आमच्याकडे धरतात ती झाली नव्हती, म्हणून 'संशयित'. आणि तिसऱ्या दिवशी गल्लीत धुरळणीचा मोठा कार्यक्रम झाला, बॅनर लावून. फोटो वर पाठवायचा होता. लताअक्का आपल्या दारात येऊन नुसती उभी राहिली होती. फोटो काढणारा म्हणाला,

"अक्का, जरा बाजूला व्हा. बॅनर दिसत नाही."

आणि ती झाली हो बाजूला! मी मशीन धरून तिथेच होतो. त्याने खूण केली तसं मशीन चालू केलं.

*

तेव्हापासून नानांना एकच ध्यास. रिटायर होण्याआधी पिंपळ गल्लीची एक फेरी शून्याची काढायची. खरं शून्य, बेचाळीस घरं आतून बघून. त्यांच्या हातात दोन वर्षं होती.

दोन वर्षं ते त्या गल्लीला गोचिडासारखे चिकटले. टाक्यांना झाकणं शिवून आणली, घरच्या जुन्या धोतरांची. लोक वैतागले. एक जण तर घराची किल्लीच त्यांच्या हातात देऊन म्हणाला, "नाना, तुम्हीच राहा इथे, मी साक्रीला जातो!" पण शून्य काही येईना. एका फेरीत बाटलीतला मनीप्लँट. एका फेरीत पक्ष्यांसाठी गच्चीवर ठेवलेलं मातीचं परळ. एका फेरीत देवघरातला गंगाजलाचा गडू, तोही उघडा! एकेचाळीस घरं साफ आणि एक दूषित, असं कितीदा झालं. नाना त्या एकाला रागवायचेसुद्धा नाहीत. स्वतः घासून द्यायचे.

फक्त एक घर ते करत नसत. लताअक्काच्या दाराशी आले की पेन्सिल माझ्याकडे द्यायचे. "ते तू कर." मी आत जायचो, बघायचो, लिहायचो. ती माझ्याशी दोन शब्द बोलायची. नाना पिंपळाखाली पाठमोरे उभे असायचे.

पहिल्या श्रावणात ऋतुजाचं वर्ष सरलं नव्हतं म्हणून त्या घराला चुना लागला नाही. यंदा लागला. तिच्या दिराकडे कानबाई बसली, भाऊबंद यायचे होते, म्हणून तिने पूर्ण घर पांढरंशुभ्र केलं. दाराशेजारी मात्र वीतभर जागा तिने तशीच सोडली होती. चुन्याच्या मधोमध एक मळकी पट्टी, आणि तिच्यात निळ्या पेन्सिलीची एकच ओळ. भांडी नऊ, दूषित शून्य, सही. मी ती पाहिली आणि नानांना काही सांगितलं नाही. कसं सांगणार?

*

ऑगस्ट संपला की नाना रिटायर. आणि यंदा पावसाने ओढ दिली. त्यात मोठी पाइपलाइन फुटली. बारा दिवस गेले, सोळा गेले, तेवीस गेले, नळाला थेंब नाही. टँकर यायचा, माणशी दोन हंडे, ते त्याच दिवशी संपायचे.

नानांची शेवटची फेरी त्याच आठवड्यात आली. पहिलं घर, शून्य. दुसरं, शून्य. ड्रम पालथे, टाक्या कोरड्या, रांजणात पाली. कूलर खडखडीत. नाना प्रत्येक ठिकाणी वाकून टॉर्च मारत होते आणि मला वाटत होतं की आता ह्या माणसाला कोणीतरी थांबवावं. डास संपले नव्हते, पाणी संपलं होतं! हेच व्हायचं राहिलं होतं का आमच्या खात्याचं? इतकी वर्षं औषध, मासे, धूर, सभा, आणि शेवटी जमलं ते असं.

दोनच्या सुमारास साहेबांचा फोन आला. "नाना, आतापर्यंत झिरो ना? उद्याच्या निरोपसमारंभात तेच जाहीर करतो. डासमुक्त गल्ली! पाटी पण करायला टाकली आहे."

एकेचाळीस घरं झाली. राहिलं लताअक्काचं. नानांनी नेहमीसारखी पेन्सिल माझ्यापुढे धरली. मी पायरी चढलो. ती दारात उभी होती.

"आज तू नको भाऊ," ती म्हणाली. "नानाले धाड."

नाना वळले. पिंपळापासून त्या ओट्यापर्यंत वीस पावलं असतील, त्यांना फार वेळ लागला. तिने दार पूर्ण उघडलं.

"मझार या नाना. दखा."

ते आत गेले. मी ओट्यावर थांबलो. आतून एकेक आवाज येत होता, झाकण उचलल्याचा, ठेवल्याचा. नऊ भांडी मी मोजली. मग मागचं दार वाजलं, आणि मग बराच वेळ काही नाही.

बाहेर आले तेव्हा त्यांचे गुडघे मातीने भरलेले होते. "काय निघालं?" मी विचारलं. "सगळं कोरडं," ते म्हणाले. तेवढ्यात त्यांना भिंतीवरची ती पट्टी दिसली. लताअक्का त्यांच्या मागे येऊन उभी राहिली होती.

नानांनी माझ्या हातातून निळी पेन्सिल घेतली. मला वाटलं, खाली नवी तारीख लिहितील. त्यांनी ती जुनी ओळ बोटाने वाचली, आपली सही पाहिली, शून्यावर आडवी रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, एक.

फोन पुन्हा वाजला. नानांनी तो कानाला लावला. साहेबांचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"काय नाना, झिरो ना?"

"नाही साहेब. एक आहे."

"एक? आता कुठे निघालं?"

"लताअक्काकडे," नाना म्हणाले. "कूलरमध्ये."